आधी नमस्कार, मग नळ

माझी आत्या बैलगाडीवरून कधीच पडली नव्हती.

हे वाक्य मी आजवर कोणापुढेही उच्चारलेलं नाही. एका डॉक्टरांपुढे नुसती मान हलवली होती. नानांना सांगायची वेळच आली नाही, त्यांनी ते माझ्या तोंडावरून वाचलं होतं. लिहितोय ते खरं तर नानांबद्दल. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, नाहीतर ते तुम्हाला नुसते एक विक्षिप्त म्हातारे वाटतील. मलाही बरीच वर्षं तसेच वाटत होते.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या आमच्या वसाहतीत क्वार्टरच्या दुरुस्तीचं काम नानांकडे होतं. गळके नळ, तुंबलेल्या मोऱ्या, पावसाळ्यात फुगून अडकणारे दरवाजे. तक्रार दिली की एक-दोन दिवसांत त्यांची सायकल यायची. दांड्याला कॅनव्हासची पिशवी, पिशवीत पाने, वायसर, सुतळी. आणि शर्टाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या. सायकल कुंपणाला टेकवून ते हाक मारायचे, "पोरं कुठायत?"

"नाना, नळ मोरीत आहे," घरातली बाई म्हणायची.

"नळ काय पळून जातोय? आधी नमस्कार, मग नळ."

मग घरातल्या पोरांनी एकेक करून नानांच्या पाया पडायचं. तेही आपण पडतो तसं नाही. हल्लीची मुलं नमस्कार म्हणजे गुडघ्याच्या आसपास हात हलवतात, तुम्हीही पाहिलं असेल. नानांना ते चालायचं नाही. "हे गुडघे चेपणं झालं. माझे पाय खाली आहेत, तिथपर्यंत ये. गुडघे सरळ. हात मोकळे सोड. हां, आता थांब तसाच." आणि मग पोराच्या पाठीकडे बघत ते आशीर्वाद द्यायचे. तो इतका लांब असायचा की पोराच्या डोक्यात रक्त उतरायचं. "शहाणा हो, मोठा हो, आईला छळू नको, वांगं ताटात टाकू नको, गणितात पास हो, बहिणीच्या वेण्या ओढू नको..." पोरगं खालूनच ओरडायचं, "नाना, झालं का?" मग गोळी मिळायची आणि नाना मोरीकडे वळायचे.

वसाहतीत यावर भरपूर बोललं जाई. "ऑफिसात कोणी विचारत नाही, म्हणून घरोघरी मान गोळा करतो," असं एक मत होतं. आमच्या हिशोब विभागातले एक गृहस्थ म्हणायचे, "स्वतःची पाठ सरळ होत नाही, म्हणून जगाला वाकवत फिरतो."

कारण नानांची पाठ वाकडी होती. थोडीथोडकी नाही. उजवा खांदा कानाच्या दिशेने निघालेला, त्याखाली पाठीवर एक उंचवटा, कंबर एका अंगाला सरकलेली. त्यामुळे शर्टाची एक बाजू कायम वर आणि एक खाली. ते सायकलवरून पुढे जात असले की मागून बघणाऱ्याला वाटे, म्हातारा आता डावीकडे वळणार. पण ते सरळच जायचे.

एकदा कोणीतरी त्यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या कुंपणाच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणालं, "नाना, भिंत वाकडी दिसतेय."

"ओळंबा लावून बघा."

लावला. भिंत सुतात होती.

"भिंतीला ओळंबा लावता येतो," नाना म्हणाले, "मला लावायला गेलो तर दोरीच लाजेल."

स्वतःच्या पाठीवर इतकं मोकळेपणी बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याच गोष्टीचा मला राग यायचा. आमच्या घरात पाठ या विषयावर बोलायची पद्धत नव्हती.

आमचं गाव अमळनेरजवळ. वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, आमच्याच घरी असायची. धाकटी असली तरी सगळे तिला अक्काच म्हणत. लग्न झालं नव्हतं. नानांच्या इतकी नाही, पण तिचीही पाठ तशीच होती. माझ्या आजोबांची होती, असं गावातली म्हातारी माणसं सांगायची, पण आमच्या ओट्यावर नाही. तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत आत्या चांगली सरळ होती. मग अंगाने वाढायला लागली आणि वाढता वाढता वाकली. कुठे पडली नाही, आजारी नव्हती, काही नाही.

माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा मुलीकडची मंडळी घर बघायला येणार होती. आमच्याकडे मुलीचे लोक घर बघतात, खळं बघतात, गुरं बघतात, आणि बोलता बोलता घरातली माणसंही बघतात. त्या सकाळी वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्काला शेतात सोडून ये. आणि पुढे कोणी विचारलंच तर लहानपणी गाडीवरून पडली, एवढंच सांगायचं."

मी तिला गाडीत बसवून शेतात घेऊन गेलो. भाकरी, ठेचा आणि पाण्याचा तांब्या तिने आपणच बांधून घेतला होता. कपाशीच्या कडेला निंबाखाली ती उतरली. मी कासरा धरून उभा राहिलो, तर तीच म्हणाली, "जाय भाऊ, पाव्हना येई जातीन. मनी फिकीर नको करू."

मी गेलो. पाहुणे आले होते. लग्न ठरलं.

सुमन लग्न होऊन आली तेव्हा तिला सगळ्यांनी गाडीची गोष्ट सांगितली. आत्यानेही सांगितली. इतकी छान सांगितली, कोणता बैल उधळला त्याच्या रंगासकट, की काही दिवसांनी मलाच ती खरी वाटायला लागली.

पुढे मला दीपनगरला नोकरी लागली. दोन मुली झाल्या, वैशाली आणि तिच्यापाठची रूपाली. वैशाली सातवीत असताना आमच्या मोरीतला नळ गळायला लागला. सुमनने तक्रार दिली आणि रविवारी सकाळी नाना आले. मी पेपर वाचत बसलो होतो.

"पोरं कुठायत? आधी नमस्कार, मग नळ."

रूपाली आधी पडली, गोळी घेऊन पळाली. मग वैशाली वाकली. नानांचा आशीर्वाद सुरू झाला, "शहाणी हो, मोठी हो..." आणि तिथेच थांबला.

मी पेपरवरून वर बघितलं. वैशाली वाकलेली होती. तिच्या पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आली होती, सूप एका कडेने उचलल्यासारखी. उभी असताना हे कधी दिसलं नव्हतं. म्हणजे, मी कधी बघितलं नव्हतं.

"ऊठ बेटा," नाना हळूच म्हणाले. तिला त्यांनी दोन गोळ्या दिल्या. ती आत गेल्यावर माझ्याजवळ येऊन आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, घरात आणखी कोणाची पाठ अशी आहे का?"

माझ्या डोळ्यांपुढे कपाशीच्या कडेला उभी असलेली आत्या आली.

"नाही," मी म्हणालो. "कोणाचीही नाही. तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात की माणसं? पोरींना वाकवून काय बघता तुम्ही? निघा."

आवाज मोठा झाला होता. सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली. नानांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. ते मोरीत गेले, नळाचं वायसर बदललं, पाण्याची धार दोनदा बघितली आणि सायकल घेऊन निघून गेले.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सुमनने पाठ बघितली. मी गावी निरोप धाडला आणि माय आली, माझी आई. तिने नातीची पाठ चाचपली आणि निकाल दिला.

"गरनमा काहीतरी कापं व्हई तिनी. मी तव्हयच सांगेल व्हतं तिले. मनं कोन ऐकस?"

ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं-कापलं तर बाळात खोट येते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. वैशालीच्या वेळी सुमनला दिवस असताना ग्रहण लागलं होतं, हेही खरं. मायलाही आत्याची पाठ माहीत होती. माझ्याहून चांगली माहीत होती. तरी ती हे बोलली, आणि मला वाटतं, बोलता बोलता तिचाही त्यावर विश्वास बसला. घरातल्या रक्तापेक्षा आकाशातलं ग्रहण बरं. ते कोणाच्या बापाचं नसतं.

गावाकडून येणारा जो तो तेच बोलायला लागला. सुमनने सोमवार धरले, शनिवार धरले. भुसावळच्या एका हाडवैद्याकडून तेल आणलं. पोरीला उघड्या फळीवर निजवलं. दप्तर जड म्हणून निम्मी पुस्तकं काढून ठेवली.

एका दुपारी जेवणानंतर ती भांडी आवरत होती. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "मी काही चिरलं नव्हतं हो. घरातच बसले होते. फक्त तुमच्या शर्टाचं बटण लावत होते, त्याचा दोरा कात्रीने कापला. तेवढंच. खरंच त्याने झालं असेल का?"

एका वाक्याचं काम होतं. माझ्या घरात हे आधीपासून आहे, एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "झालं ते झालं."

तिने पातेलं पालथं घातलं आणि बाहेर गेली.

पुढच्या आठवड्यात नाना माझ्या ऑफिसात आले. मला वाटलं, भांडायला आले. ते समोरच्या खुर्चीत एका अंगावर कलून बसले. ते तसेच बसायचे. "चहा सांगा," म्हणाले. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. मग बशीत फुंकर घालत म्हणाले, "माझ्या लग्नाची गोष्ट सांगतो."

"तुमचं लग्न झालंय?"

"म्हणून तर गोष्ट आहे."

त्यांचं गाव यावलकडचं, सातपुड्याच्या पायथ्याला. तरुणपणी जवळच्याच गावची एक मुलगी त्यांना सांगून आली होती. मुलीला त्यांची पाठ दिसत होती, तरी ती तयार होती. नकार दिला तो नानांनी. "माझ्या आईची पाठ अशी, मामाची अशी, माझी अशी. मी म्हटलं, हे पोरांत येणारच. कशाला आणखी चार वाकडी माणसं जगात आणायची? माझ्यापाशी संपू दे. मोठा त्याग केला म्हणून छातीही फुगली. जेवढी फुगू शकते तेवढी."

बऱ्याच वर्षांनी दम लागायला लागला म्हणून ते मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना त्यांनी हीच गोष्ट सांगितली.

"डॉक्टर काय म्हणाले माहितीय? म्हणाले, अहो, घरात असलं तर मुलांत यायची शक्यता वाढते, हे खरं. पण येणारच असं कोणी सांगितलं तुम्हाला? एका आईच्या दोन पोरांत एकाची पाठ वाकते, एकाची वाकत नाही. वाकली तरी किती वाकेल ते आधी कळत नाही. बियाणं एका पोत्यातलं असलं म्हणून प्रत्येक झाड सारखं येतं का? शिवाय हे एका दाण्यातलं नाही, पुष्कळ गोष्टी जुळून येतं. त्यातलं सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही." नानांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे ती बाई, आणि आमची नसलेली पोरं... त्यातली कदाचित सगळी ओळंब्यात निघाली असती. मी हसत सुटलो तिथे. डॉक्टर घाबरले."

मी माझा चहा संपवला.

"त्यांनीच मला वाकवून बघायला शिकवलं. पोर वाढीला लागलं की बघायचं. उभं असताना कळत नाही, वाकलं की कळतं. लवकर कळलं तर पट्टा लावून थांबवता येतं. आता मी घरोघरी जाऊन तुमच्या पोराची पाठ बघू द्या म्हटलं तर कोण दारात उभं करील? नमस्काराला मात्र कोणी नाही म्हणत नाही."

इतकी वर्षं वसाहतीने ज्याला मानाची हाव म्हटलं ते हे होतं. त्यांचा अंदाज नेहमी बरोबर यायचा असंही नाही. एका मुलाला त्यांनी उगीचच डॉक्टरकडे पाठवलं होतं. पाठ ठणठणीत निघाली आणि त्या मुलाच्या आईने नानांशी बोलणं टाकलं. मी त्याची आठवण करून दिली. "चुकलो," ते म्हणाले. "त्यांची जळगावची एक खेप वाया गेली. मी चुकायला भिऊन गप्प बसलो असतो तर कोणाचं काय वाया गेलं असतं, ते आधी कसं कळणार?"

मग उठता उठता म्हणाले, "भाऊसाहेब, मी घाबरलो, तुम्ही लपवताय. दोन्हीकडे मार पोरांनाच. तुमची पोर वाढतेय. वाढ थांबली की पट्टा नुसता शोभेला."

मी कोणाची पाठ लपवतोय हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

जळगावच्या डॉक्टरांकडे आम्ही एसटीने गेलो. मी, सुमन, वैशाली आणि न बोलावता आलेले नाना. ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी वैशालीला नानांसारखंच वाकवलं, खांदे बघितले, कंबर बघितली. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?"

सुमनने आधी ग्रहणाचं सांगितलं, कात्रीसकट. डॉक्टर म्हणाले, "बाई, ग्रहणाचा काही संबंध नाही. दप्तराचाही नाही. घराण्यात कोणाची पाठ?"

"यांच्या आत्या आहेत, पण त्या लहानपणी गाडीवरून पडल्या होत्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. ते सुमनला म्हणाले, "मुलीला घेऊन पलीकडे जा, एक्स-रे काढून घ्या." दोघी गेल्यावर त्यांनी विचारलं, "पडल्या होत्या?"

मी मान हलवली. नाही.

"मग धाकटीलाही घेऊन या," ते म्हणाले. "आणि तिची वाढ होईपर्यंत दर काही महिन्यांनी आणा."

परत येताना सुमन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डॉक्टर लोक चांगले असतात. ग्रहणाचा संबंध नाही म्हणाले, मन राखायला बोलतात तसं." नाना पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

मुंबईला माप देऊन पट्टा आणला. पट्टा म्हणजे साधा पट्टा नव्हे. कंबरेला कातड्याचा जाड वेढा, त्यातून वर गेलेल्या पोलादी पट्ट्या आणि गळ्याखाली एक कडं. वैशालीने तो अंगावर चढवला, आरशात बघितलं आणि जाहीर केलं की ती आता शाळेत जाणार नाही, कुठेच जाणार नाही. खोलीची कडी लावून घेतली.

सुमनने नानांना बोलावणं धाडलं. नळ चांगला होता, तरी ते पिशवी घेऊन आले. दाराबाहेर उभं राहून म्हणाले, "वैशाली, आज उलटं. आज मी पाठ दाखवतो."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. नाना तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि शर्ट वर केला. मी तोंड फिरवणार होतो, पण वैशाली बघत होती, म्हणून मीही बघितलं.

"हात लाव. चावत नाही."

तिने बोट लावलं. मग तळहात ठेवला. "नाना, इथे तर डोंगर आहे."

"सातपुडा! त्याच्यावर चढलं की आमच्या गावची केळी दिसतात."

ती हसली. पट्टा आल्यापासून पहिल्यांदा.

"मला असा पट्टा कोणी आणला नव्हता," नाना शर्ट खाली ओढत म्हणाले. "तुझा अजून शेताचा बांध आहे. बांधावरच थांबवायचं का सातपुडा करायचा, बघ बाई. तू सांगशील तसं."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वर्गातल्या कोणीतरी तिला रोबो म्हटलं, त्यावर ती रडत आली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पट्टा काखेत काचायचा. नानांनी सायकलची जुनी ट्यूब कापून तिथे अशी बसवली की पुढच्या वेळी मुंबईच्या कारागिराने ती हातात घेऊन बघितली. रूपालीची पाठ किंचित वाकली आणि तिथेच थांबली. तिला पट्टा लागला नाही. तिचं वेळेवर कळलं ते मी मान हलवली म्हणून, आणि मी मान हलवली ती बाहेरच्या बाकावर नाना बसले होते म्हणून.

दरम्यान आत्या नातीला बघायला दीपनगरला आली. ती ओट्यावर बसली असताना नाना आले. दोघांनी एकमेकांना बघितलं. एका घरचे दोन जण जत्रेत भेटावेत तसे दोघांचे चेहरे झाले.

"अक्का," नाना म्हणाले, "तुम्ही कोणत्या गाडीवरून पडलात म्हणे?"

आत्याने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"ज्या गाडीवरथीन तुम्ही पडनात," ती म्हणाली, "त्याच गाडीवरथीन."

दोघं हसत सुटले. आत्याला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी वळलो तर दारात सुमन चहाचे कप घेऊन उभी होती. तिने दोघांना चहा दिला. माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि क्षणभर माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर जे ग्रहण आलं त्या दिवशी माय आमच्याकडेच होती. दारं-खिडक्या लावलेल्या. सुमनने मागचं दार उघडलं, अंगणात पाट मांडला आणि विळीवर मेथी चिरायला बसली.

"सुमन, गरन शे ना व!" माय आतून ओरडली.

"असू द्या आई. आता माझ्या पोटात कोणी नाही."

मेथीच्या दोन जुड्या तिने चिरल्या. मधूनमधून माझ्याकडे बघत होती. मी आतल्या खोलीत पेपर समोर धरून बसलो होतो. ती वाट बघत होती. हे मला तेव्हा कळत होतं, नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

नाना निवृत्त झाले तेव्हा वसाहतीने त्यांना शाल-नारळ दिला. समारंभ संपल्यावर पोरांची रांग लागली. त्यातली काही आता कॉलेजात जाणारी होती. सगळी पायापर्यंत वाकली. स्वतःला वाकडा म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्यापुढे इतक्या सरळ पाठी एका ओळीत वाकलेल्या बघत मी रांग संपेपर्यंत उभा राहिलो. निघताना त्यांनी माझा हात धरला.

"वैशालीच्या आईला सांगितलंत?"

"सांगेन."

"सांगा," एवढंच म्हणाले, आणि टेम्पोत सायकल चढवायला गेले.

वैशालीला मुलगा बघायला आला तेव्हा मी तिला हळूच म्हणालो होतो, दोन्ही खांद्यांवरून पदर घे. तिने घेतला नाही. पोह्यांच्या बशा ठेवून ती पाहुण्यांसमोर बसली आणि म्हणाली, "माझ्या पाठीला थोडा बाक आहे. लहानपणी पट्टा वापरला, आता वाढत नाही. आमच्या घरात आहे हे." पाहुणे कळवतो म्हणून गेले, कळवलं नाही. दुसऱ्या स्थळाला तिने तेच सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "आमच्याकडे आजोबांना साखर, वडिलांना साखर. मी आत्तापासूनच चहा फिका घेतो." तोच आमचा जावई. घरात आहे हे तिला कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. ते सांगण्याचं काम करणारा माणूस एकच होता. सुमन तेव्हा शेजारीच बसली होती.

नाना गेल्याचं मला उशिरा कळलं. मी त्यांच्या गावी गेलो. केळीच्या बागांच्या कडेला त्यांच्या पुतण्याचं घर. अंगणात ती सायकल उभी होती, दांड्याला पिशवी तशीच. पुतण्याने नातीला हाक मारली, "पाहुण्यांच्या पाया पड." सात-आठ वर्षांची पोर आली आणि वाकली. पार पायापर्यंत. गुडघे सरळ, हात मोकळे. वाकून थांबली.

"ऊठ बेटा," मी म्हणालो.

"लगेच नसतं उठायचं," ती खालूनच म्हणाली. "आधी आशीर्वाद असतो."

मी तिच्या पाठीकडे बघितलं आणि जेवढा आठवला तेवढा आशीर्वाद दिला. वांग्याचा भाग आठवला. गणिताचाही.

वैशाली ताठ चालते, रूपाली ताठ चालते, याबद्दल मी नानांचा जन्मभराचा ऋणी आहे. ते ऋण त्यांनी कधी मागितलं नाही. त्यांनी मागितलं ते दुसऱ्याच कोणासाठी. आज आमच्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. आत्या गेली, माय गेली, आता लपवायचं कोणापासून? पण भांडी आवरता आवरता सुमनने जे विचारलं होतं ते मला विचारलं होतं. त्याचं उत्तर तिला नानांनी दिलं, आत्याने दिलं, मुलीने दिलं. मी दिलेलं नाही.

दोऱ्याने काही झालं नाही, कात्रीने काही झालं नाही, हे माझ्या घरातून आलं आणि मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. एवढं मी सुमनला माझ्या तोंडाने सांगणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.